चारला थांबलेलं घड्याळ

रविवार, संध्याकाळ

आज पुन्हा चारलाच थांबलं.

सुमन लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेल्यापासून आमचा नेम आहे. जोडीनं घेतलेली, हाताच्या हालचालीवर चालणारी ऑटोमॅटिक घड्याळं रोज सातला मोबाइलशी ताडायची आणि फरक फोनवर सांगायचा. नातीला जोजवून जोजवून तिचं पुढं पळतंय. माझं? गुलमंडीतले घड्याळवाले चाचा म्हणाले, "सर, मशीन एकदम ठीक. तुमचा हातच हलत नाय." खुर्चीतली माझी तपश्चर्या अशी मनगटावर उघडी पडली.

सुमनला मात्र सांगितलं, "पाच सेकंद मागे."

"कालही पाचच म्हणालात. थांबलंय ना? उठा, फिरून या जरा."

कॉलनीत हात हलवत तीन फेऱ्या मारल्या. चारला थांबलेला काटा निघाला. मोबाइलवर वेळ दिसत होती, तरी घड्याळ लावायला पुन्हा तिलाच फोन केला.