माझ्या मेंढरांची जीप

प्रिय अवो,

पत्राच्या वर 'प्रिय' लिहावं लागतं, असं सुनीता म्हणते. एवढ्या वर्षांच्या संसारात हा शब्द माझ्या तोंडातून कधी निघाला नाही, आणि आता तुमचं वर्षश्राद्ध घालून महिना उलटल्यावर सुनेच्या हातून लिहून घेते आहे. हसू नका! मी बोलते तसं ती लिहीत नाही, शाळेतलं करून लिहिते. लिहू द्या. तुमचीच लाडकी आहे.

आजच पत्र का, तर आज सकाळी बाळूनं माझ्यापुढं एक कागद आणि शाईची डबी ठेवली. "आई, हितं अंगठा दे. जीपला गिऱ्हाईक आलंय."

मी म्हणाले, "तुझ्या बापाची गाडी. माझा अंगठा कशाला?"

बाळू माझ्या तोंडाकडं बघतच राहिला. "अगं, गाडी तुझ्या नावावर हाय की. घेतली तवापासनं. तुला ठाऊक न्हाय व्हय?"

अवो, काय हे! घरात लेकाला ठाऊक, सुनेला ठाऊक, सांगोल्यातल्या मेस्त्रीलासुद्धा ठाऊक. आणि मालकीण चुलीपुढं बसून तीस वर्षं त्याच गाडीला शिव्या घालतेय!

माझी मेंढरं आठवतात ना? माझ्या बानं लग्नात दिलेली. मी रानोमाळ हिंडून त्यांचा कळप केला होता. एका दिवशी तुम्ही तो बाजाराला नेलात आणि येताना ही जीप घेऊन आलात. कुठल्याशा सरकारी खात्यानं लिलावात काढलेली. ज्या गाडीला सरकार कंटाळलं, ती तुम्ही दारात आणून उभी केलीत! एका बाजूचा दिवा डोळा आल्यासारखा, आणि टपाच्या कापडातून आभाळ दिसतंय.

मी तीन दिवस तुमच्याशी बोलले नाही. चौथ्या दिवशी बोलले, ते तीस वर्षं बोलतच राहिले.

तुम्ही गाडीत बसला की मी म्हणायची, "निघाले माझ्या मेंढरांवर बसून!" ती धूर सोडायची, तर मी म्हणायची, "माझी मेंढरं खोकतायत बघा." पाहुण्यांपुढं म्हणाले, जावयापुढं म्हणाले. तुम्ही काय करायचा? मिशीत हसायचा आणि एवढंच म्हणायचा, "दगड काढ."

तो दगड! हँडब्रेकवर तुमचा विश्वास नव्हता आणि बॅटरीवर तर मुळीच नव्हता. म्हणून जीप कायम लिंबाखालच्या उतारावर उभी, पुढच्या चाकाखाली ओढ्यातला काळा दगड. तुम्ही आत बसायचं, मी दगड ओढायचा, गाडी गडगडत सुटली की गेर टाकून ती चालू व्हायची. आणि मी? मी लुगड्याचा घोळ धरून मागनं पळत येऊन चालत्या गाडीत उडी मारायची. सगळ्या गावच्या बाया उभ्या गाडीत बसत होत्या. पळत्या गाडीत बसणारी मी एकटीच.

एकदा थांबून घेतलं असतं तर काय बिघडलं असतं हो?

पण आज मला छळतंय ते दुसरंच. दर पाच वर्षांनी गाडीच्या पासिंगला तुम्ही मला सोलापूरला न्यायचा. "सरकारी काम हाय, आलीस तर तुझ्या रेशनच्या कागदाचंबी उरकून टाकू." मी नवं लुगडं नेसून ऐटीत यायची. एका टेबलापुढं अंगठा द्यायची. मग तुम्ही मला शेंगाचटणी घेऊन द्यायचा, एकदा तर चादरसुद्धा घेतलीत. मला वाटायचं, म्हातारपणी माणसाला बायकोचा लळा लागलाय. तो पासिंगचा अंगठा होता होय!

आणि त्या पासिंगच्या साहेबाची गोष्ट! त्यानं कागद बघितला, मग मला बघितलं, परत कागद बघितला. मला म्हणाला, "काय बाई, गाडी चालते ना व्यवस्थित?"

मी म्हणाले, "कुठली चालती वो साहेब! ढकलल्याबिगर हलत न्हाय. मोडीत घाला की एकदाची!"

तुमचा चेहरा अजून दिसतो मला. चुन्यासारखा पांढरा. मला वाटलं, उन्हानं झालं. मी तुम्हाला पाणी आणून दिलं! गाडीची मालकीण स्वतः साहेबाला सांगतेय, गाडी मोडीत घाला, आणि वर तुमच्या हातात तांब्या देतेय. साहेबाला हसू आवरेना. चाकं, दिवे, ब्रेक सगळं खालून-वरून तपासून शेवटी त्यानं पास केली. परतीच्या वाटेवर तुम्ही मंगळवेढ्यापर्यंत एक शब्द बोलला नाही.

तिथं तरी सांगायचं ना! "कोंडे, गाडी तुझी हाय," चारच शब्द. मी जन्माची गप्प झाले असते. प्रत्येक भांडणात तुमच्या खिशात हे चार शब्द होते आणि तीस वर्षांत तुम्ही ते एकदाही बाहेर काढले नाहीत. माझ्यासारख्या बाईशी भांडताना! मी तर अर्ध्या तासात काढले असते. सकाळपासून हाच विचार करतेय, एवढी ताकद माणसात येते कुठून?

मी सुनीताला विचारलं, "का लपवलं असंल गं?"

ती लाजली. म्हणाली, "आत्या, मामांनी मला सांगितलं व्हतं. म्हणाले, मेंढरं तिची, म्हणून गाडी तिची. पण तिला सांगू नगंस. पहिल्याच दिवशी विकून मेंढरं आणंल."

खरं आहे. आणली असती. चांगलंच ओळखून होता मला.

तर मी कागदपत्रांची पत्र्याची पेटी मागवली. वाचता येत नाही, पण माझा अंगठा मला ओळखू येतो. सुनीतानं जुन्या कागदांच्या नकला ओळीनं मांडल्या. पहिला अंगठा काय ठसठशीत! एकेक रेघ नांगरलेल्या वावरासारखी. पुढच्यात रेघा जरा कमी. त्याच्या पुढच्यात मध्ये एक आडवा घाव, तो विळ्याचा. शेवटच्यात तर नुसता डाग, मधलं सगळं झिजलेलं. माझं अख्खं आयुष्य त्या पेटीत होतं, अवो, आणि ते तुम्ही सांभाळून ठेवलं होतं. मी बोटानं एकेकाला शिवत राहिले. बाळू म्हणाला, "आई, शाई वाळंल." मी म्हणाले, "वाळू दे."

बाळूला बोल लावू नका. त्याचं काही चुकलं नाही. तो म्हणतो, दारापर्यंत डांबरी रस्ता आलाय. डाळिंब न्यायला टेम्पो येतो. घरात चांगली गार हवेची मोटार आहे. जीप डिझेल पिते, कंबर मोडते, सुटं सामान मिळत नाही. गेरमधला एक दात हुडकायला तुम्ही करमाळ्याच्या भंगारवाल्यापर्यंत गेला होता. "अशी गाडी पाळण्यात कसला शहाणपणा?" असं तो मोठ्यानं म्हणाला आणि मला राग आला. मग लक्षात आलं, हे सगळं बोलणं माझंच! लहानपणापासून माझ्याच तोंडून ऐकून पाठ झालंय त्याला.

गिऱ्हाईक पुण्याकडचं होतं. टोपी घातलेला, मऊ बोलणारा माणूस. जीपवरून असा हात फिरवत होता जसा म्हशीच्या पाठीवरून फिरवतात. मला तो आवडला. म्हणाला, "आजी, काळजी करू नका. मी हिला पहिल्यासारखी मूळची करून घेणार."

"मूळची म्हंजे कशी?"

तो सांगू लागला. सीटवरची घोंगडी काढणार. ती मी माझ्या मेंढरांच्या जपून ठेवलेल्या शेवटच्या लोकरीची विणून घेतलेली, तुमची कंबर धरायची म्हणून. फळीखालचा पत्रा काढणार. तो आपल्या ज्वारीच्या पिंपाचा. दाराला गोठ्याची कडी आहे ती काढणार. मी ऐकत होते. मूळचं करायचं म्हणजे आपलं तेवढं काढून टाकायचं! मी म्हणाले, "बाबा, माझ्या तोंडात कवळी हाय, डोळ्यात भिंग बसवलंय. मला करतोस का मूळची?"

तो हसला, पण मग म्हणाला, "निदान चालू करून तरी दाखवा."

बाळूनं किल्ली फिरवली. टक्. परत टक्. महिनाभर बॅटरी बसलेली. तो वायरी शोधायला लागला. मी म्हणाले, "बाजूला सरा दोघंबी. सुनीता, बस आत." तुम्ही तिला माळावर गाडी शिकवलीत, तेही माझ्यापासून लपवूनच ना? किती गोष्टी लपवल्यात हो!

मी वाकले. दगड जमिनीत रुतला होता. दोन हातांनी हलवला, तिसऱ्यांदा ओढला, निघाला. जीप आधी विचारात पडल्यासारखी थांबली, मग कण्हत सुटली. सुनीतानं गेर टाकला. एक हिसका, काळ्या धुराचा लोट, आणि तो आवाज! अवो, तो आवाज ऐकून मी पळाले. खरंच पळाले! बाळू "आई, आई" करून ओरडतोय. गुडघ्यानं शिव्या दिल्या असतील, मी ऐकल्या नाहीत. पण सुनीतानं गाडी हळू केली. तुमच्यापेक्षा शहाणी आहे.

तिला म्हणाले, "घे म्हसोबाच्या टेकडीवर."

आता एक माझंही लपवलेलं सांगते. त्या टेकडीवर तुम्ही मला पहिल्यांदा नेलं होतंत, तो दिवस. मी तिच्या पायथ्याला वर्षानुवर्षं मेंढरं चारली होती, पण माथ्यावर कधी गेले नव्हते. वर चारा नाही, मग जायचं कशाला? तुम्ही चारी चाकांना जोर देणारी दुसरी दांडी ओढलीत आणि गाडी दगडांवरून सरळ उभी चढायला लागली, घोरपडीसारखी. मला फक्त आभाळ दिसत होतं. मी डोळे मिटून खंडोबाला हाक मारली. उघडले, तर खाली सगळा मुलूख! सुकी नदी दोरीसारखी, बागांचे हिरवे तुकडे, आणि लांब कडेला पांढरं देऊळ, माझ्या माहेरचं. लग्न झाल्यापासून मी म्हणत होते, माहेर लई लांब. आणि ते इथून दिसत होतं!

माझ्या छातीत काहीतरी एवढं मोठं झालं की श्वास पुरेना. तुम्ही विचारलंत, "कसं वाटतंय?" मी म्हणाले, "माझी मेंढरं दमली असतील."

हे मी का केलं? तुम्ही विचारलं होतंत. एकदा तरी सांगायचं होतं की, असलं मी जन्मात बघितलं नव्हतं. तुम्ही तेवढ्यासाठीच नेलं होतंत, हे मला तेव्हाही कळलं होतं.

आत्ता मी तिथंच आहे. सुनीता बोनेटवर कागद ठेवून लिहितेय, ते अजून गरम आहे. देऊळ दिसतंय. भिंगानं तर जास्तच स्पष्ट दिसतंय.

गाडी ठेवणं परवडतं का? नाही परवडत. बाळूला मी तसंच सांगितलं. "मालकिणीला परवडत न्हाय, तरी ती ठेवणार," असं म्हणाले आणि ते म्हणताना मला लई मजा आली. टेकडीकडं वळायच्या आधी, गाडी दारात चालूच ठेवून गिऱ्हाइकाला चहा पाजला, घोंगडीवर बसवून वेशीपर्यंत सोडलं. जाताना त्यानं गाडीला हात जोडले. बाळू फुगून बसलाय. उद्या त्यालाही वर आणणार आहे.

पुढच्या पासिंगला मी स्वतः सोलापूरला जाणार. नवं लुगडं नेसून, शेंगाचटणी स्वतः घेणार. आणि साहेबानं विचारलं, "बाई, गाडी चालते ना व्यवस्थित?" तर तुमची शपथ, या वेळी नीट सांगीन. म्हणेन, "चालती की साहेब. माझी हाय."

बाळूच्या शाईची डबी मी मुठीत धरून वर आणलीय. वाळली नाही अजून. त्या कागदावर दिला नाही, तो हा घ्या.

तुमची कोंडाबाई,
निशाणी डाव्या हाताचा अंगठा