वर आलेल्या टाइल्स

४ ऑक्टोबर
डोलगेलाउ गावातलं घर अखेर आमचं झालं! मागे डोंगर, पुढे ओढा आणि बैठकीत खरीखुरी फायरप्लेस. किल्ली हातात पडते न पडते तोच शेजारच्या मिसेस पॅरी ‘बारा ब्रिथ’ नावाचा इथला मनुकांचा केक घेऊन हजर. फायरप्लेसभोवतीच्या जुन्या टाइल्स मात्र भलत्याच वेड्यावाकड्या, एक वर उचललेली तर एक आत दबलेली. माझी बायको नेरिस म्हणाली, बाबांना बोलावू या. माझे सासरे ग्विलिम यांनी जन्मभर टाइल्सच बसवल्या. मी म्हटलं, एवढंसं काम, माझं मी करीन. तेही मिसेस पॅरींसमोर, म्हणजे आता माघार नाही.

९ ऑक्टोबर
जुन्या टाइल्स काढल्या, मागचा गिलावा घासून सपाट केला. दातेरी थापीनं सिमेंटचा मसाला रेघा पाडत ओढून गडद हिरव्या टाइल्स बसवल्या. पाणसळ लावली, बुडबुडा अगदी मधोमध. नेरिसनं फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना धाडला. मी येता-जाता आत डोकावतोय, लहान मुलासारखा.

१२ ऑक्टोबर
आज नवीन घरी सगळ्यांना चहाला बोलावलं होतं. सासऱ्यांनी आल्या आल्या टाइल्सवरून नख फिरवलं. प्रत्येक सांध्यावर अडलं. "जावईबापू, टाइल्स लावल्यात की बटाटे पेरलेत?"
सगळे खो खो हसले. नेरिससुद्धा. माझे कान तापले. लावल्या तेव्हा सपाट होत्या हो, असं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. म्हटलं, जरा घाई झाली.

१५ ऑक्टोबर
काल मधल्या टाइल्स काढून पुन्हा बसवल्या. सकाळी बघतो तर परत वर आलेल्या. नेरिसनं विचारलं, तर सांगितलं, झकास झालंय, फक्त सुकू दे. वरून चादर टाकलीय. बायकोशी खोटं बोललो, तेही टाइल्सपायी. आरशात बघवत नाही.

१७ ऑक्टोबर
मिसेस पॅरी कुंपणापाशी भेटल्या. म्हणाल्या, आधीचे मालकही सारखे त्याच टाइल्स काढायचे नि लावायचे. "फार लाजायचे हो बिचारे. पुढे पुढे तर कुणाला घरातच घेईनात. मग कुठे गेले, देव जाणे." मी हसून वेळ मारून नेली. आत आलो. चादर पुढे आली होती.

१८ ऑक्टोबर
एक टाइल उचकटली. तिच्या पाठीला चिकटलेल्या मसाल्यात पंजा उमटलाय. थापीच्या रेघा पुसून. भिंतीच्या बाजूनं दाबलेला. बोटं माझ्यापेक्षा लांब.
नेरिसला सांगायला हवं. पण मग झकास झालंय म्हणालो त्याचं काय? कोणत्या तोंडानं सांगू? टाइल परत बसवली. तीही वाकडी बसली.

२० ऑक्टोबर
आग पेटवलेली नाही. टाइल्स कोमट आहेत. अंगासारख्या. चादरीखाली कपाळ— नाक— दोन गुडघे—

२१ ऑक्टोबर
नेरिसनं मला न विचारता वडिलांना बोलावलंय. दुरुस्तीला. गाडी दारात लागली. मी बैठकीला आतून कडी घातली.

टाइल्सना पाठ लावून बसलोय. सगळा जोर लावून. हे त्यांना दिसता कामा नये—

नेरिस दार ठोठावतेय. "एमलिन, उघड ना रे. बाबा हसणार नाहीत, मी बजावलंय त्यांना." तेही म्हणतायत, चुकतं माणसाचं, पोरा. इतक्या मायेनं, की रडू आलं.

पाठीत बोटं. एकेक टाइल सुटतेय—

लाज गेली खड्ड्यात. ओरडणार होतो. तेवढ्यात मानेमागून कुणीतरी म्हणालं, "आलोच, तुम्ही चहा टाका." माझाच आवाज. माझं तोंड मिटलेलं होतं.

दाराबाहेरून दोघांची पावलं स्वयंपाकघराकडे गेली. नेरिस हसली, सुटल्यासारखी. मी हाक— तोंडावर हात— नेरिस, तो मी नव्—