पूजेआधीची गोळी

मंगळवार, संध्याकाळ

अजून डोकं तापलेलंच आहे. आज थायरॉईडचा रिपोर्ट घेऊन आम्ही दोघं डॉक्टरबाईंकडे गेलो, तर आकडा आणखी चढलेला. "गोळी नीट घेता ना?" त्यांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत आमचे हे कानडीत म्हणाले, "इकी सोंबेरी अदाळ्री." आळशी आहे म्हणे!

आळशी? पहाटे उठून डबे कोण करतं मग? बाई म्हणाल्या, गळ्यातली ही एवढीशी ग्रंथी साऱ्या शरीराचा वेग ठरवते. ती मंदावली की माणूस थकतो, सुजतो. गोळी उपाशीपोटी, चहाच्या बऱ्याच आधी घ्यायला हवी. मी घेते चहाबरोबर. कारण या घरात पूजा होईपर्यंत सुनेनं पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, आणि पूजा झाली की लगेच चहा.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, उद्यापासून उठल्या उठल्या गोळी घेणार.

"पूजेआधी? आमच्यात नाही चालत."

त्यांची शुगरची गोळी मात्र रोज पूजेआधीच असते. मीच देते, पाण्याच्या पेल्यासकट. म्हणजे देवाला त्यांचं स्वादुपिंड चालतं. माझा गळा मंगळसूत्रापुरताच.