हिरव्या रंगाखालचं इंजिन

अप्पा, तुमचं गिरणीचं इंजिन अजून शेडमध्येच आहे, आणि त्याच्यापायी मीही. तुम्ही आधी इंजिन बसवलंत आणि मग त्याच्याभोवती भिंती उभ्या केल्यात. दार ठेवलं माणसापुरतं. हे धूड कधी बाहेर काढावं लागेल असा विचार तुमच्या मनाला शिवला नाही. माझंही तुम्ही तेच केलंत. धाकट्याला पुण्याला धाडलंत, आई गेली, तुम्ही अंथरूण धरलंत आणि बँकेतली बदली नाकारून मी इथेच राहिले. आता तुमच्या पश्चात त्या धाकट्याने जागा विकायला काढली आहे. शुक्रवारी भंगारवाला गॅस कटर घेऊन येणार आणि इंजिनाचे तुकडे करून नेणार.

जुनी इंजिनं जमवणारे पुण्याचे एक गृहस्थ आहेत. त्यांना मीच फोन केला. "काकू, फ्लायव्हील दोन आहेत ना? आऱ्या सरळ का वाकड्या? कंपनीच्या नावाची पट्टी कुठंय?" पोलिसांनीही एवढी उलटतपासणी केली नसती. आऱ्या वाकड्या, म्हटलं. पट्टीच्या जागी चार भोकं. "मग रंग खरवडून बघा. विलायती निघालं तर भिंत फोडून अख्खं नेतो, भिंत बांधून देतो. देशी नक्कल असली तर मला नको."

विलायती नाही तर काय! तुम्ही जन्मभर तेच सांगत आलात. होटगीहून ज्वारीचं पोतं घेऊन येणारा तो म्हातारा ओट्यावर बसून तुम्हाला डिवचतोय, "अप्पा, ह्या साहेबाशी इंग्रजीत बोलावं लागतंय की काय?" आणि पट्टा चढवता चढवता तुम्ही म्हणताय, "मग! म्हणून तर पोरीला सिस्टरांच्या शाळेत घातलंय की." सगळा ओटा हसतो. मी गणवेशात, पिठाने पांढरे झालेले बूट झटकत उभी. उद्या सिस्टर त्या बुटांवरून मला वर्गाबाहेर काढणार असतात. लोक लांबून येत, विलायती गिरणीचं पीठ मऊ असतं म्हणत. मला मात्र ते दगडी जात्याच्या पिठासारखंच लागे. तसं एकदा बोलले तर तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत.

खंडेनवमीला तुम्ही शेडचं दार आतून लावून घेऊन इंजिन रंगवायचात. हिरवा ऑइलपेंट, दरवर्षी नवा थर. रंग वाळला की मगच आई हळदकुंकू घेऊन आत जायची. एकदा मी खिडकीतून चढून आत आले आणि इंजिनावरच्या पाण्याच्या टाकीखाली बोट लावलं. तुम्ही ओरडलात, "मुट्टबेड!" घरात तुम्ही माझ्याशी कधी कानडी बोलायचा नाहीत, शाळेतलं इंग्रजी बिघडेल म्हणून. त्या दिवशी तेवढं एकच कानडी माझ्या वाट्याला आलं: हात लावू नको. मला वाटलं, रंग ओला आहे म्हणून ओरडलात.

काल मी तिथेच खरवडलं. चाकूने पापुद्रे निघाले, हिरव्याखाली हिरवा, त्याखाली आणखी हिरवा. मग लोखंडातच ओतलेली अक्षरं लागली. इंग्रजी नाहीत, अप्पा. सरळ देवनागरी: सोलापूर. इथल्याच कुठल्यातरी भट्टीत, साहेबाच्या इंजिनाचा साचा उचलून ओतलेलं. चांगलं ओतलंय. उगाच का इतकी वर्षं धडधडलं? मग लपवायचं काय होतं? गावच्या माणसाने केलेलं इंजिन गावच्या माणसाला चाललं नसतं, हे तुम्हाला कोणी सांगितलं? आणि मला त्या शाळेत घातलंत ते शिकायला, की तुमच्या पट्टीच्या जागी लावायला? मी जमिनीवर बसून मोठमोठ्याने विचारलं. गुडघे धरले, उठताना फ्लायव्हीलचाच आधार घ्यावा लागला.

खरं सांगितलं तर शुक्रवारी कटर. शाळेत आम्हाला शिकवलं होतं की खोटं बोलण्यापेक्षा नुकसान सोसावं. बँकेत खातेदारांना मी हेच ऐकवत आले आणि त्यांच्या शिव्या खाल्ल्या. आज सकाळी गृहस्थांचा फोन आला, "काय निघालं, काकू?" मी म्हटलं, अजून खरवडतेय, तुम्हीच या गुरुवारी.

फोन ठेवला आणि चौकातल्या दुकानात गेले. ऑइलपेंटचा लहान डबा आणलाय, अप्पा. हिरवाच. आत्ता शेडचं दार आतून लावून घेतलंय.