दोन थापांचा स्वर

धारवाड, रविवार

…तर त्या सकाळी मी परातीत तिसरी भाकरी थापत होते, शेगडीवर डाळ उतू जात होती, आणि तुमचे भाऊ कामाला जायच्या तारिहाळच्या बसला उशीर होत असूनही स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून मला इंग्रजी शिकवत होते.

(ती. अंबूताई, आधी नमस्कार लिहायचा असतो हे मला ठाऊक आहे, पण हात पिठातच अडकले. आता घ्या, वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? तेल चोळता की नुसतं शेजारणींना सांगता?)

ह्यांचं म्हणणं असं, की इंग्रजीतले काही स्वर एका जागी बसतच नाहीत. एकातून निघतात आणि दुसऱ्यात जाऊन टेकतात. मला काही कळेना. तेव्हा हे म्हणाले, "भाकरीवर म्हण. पहिली थाप जोरात, दुसरी हलकी." बॉय म्हणताना 'ऑ'ला एक थाप, 'इ'ला दुसरी. हाउस म्हणताना 'आ' आणि 'उ'. भाकरी त्या दिवशी कर्नाटकाच्या नकाशासारखी झाली, पण स्वर आला. मग रोजच तसं चाललं. मी शिकले ती अशी. शाळा माझी चौथीतच सुटली, बाकी सगळं पुडीच्या कागदांवर वाचून.

निवृत्तीनंतर दोघांनी शिकायचं म्हणून ह्यांनी सप्तापूरच्या एका इंग्रजीच्या वर्गात दोघांची नावं घालून ठेवली होती. पौषात हे गेले. वर्ग आषाढात उघडला. पहिल्या दिवशी अश्विनी मॅडमनी हजेरीत आधी ह्यांचं नाव घेतलं. (मी ते नाव कधी तोंडाने घेतलं नाही, पण त्या दिवशी त्याला ओ मात्र दिली. दुसऱ्या नावालाही मीच दिली. मॅडम वही बघत राहिल्या.)

मॅडम वयाने माझ्या भाचीएवढ्या, पण शिकवतात मन लावून. एकच आवाज डे, दे आणि एट या तिन्ही शब्दांत, आणि लिहायचा तीन तऱ्हांनी. जशी एकच मुलगी, माहेरी एक नाव, सासरी दुसरं, आणि रेशन कार्डावर तिसरंच! मला फळ्यापाशी बोलावलं तेव्हा मी 'बॉय' म्हणाले आणि हात आपोआप टाळीसारखे आपटले. भाकरीशिवाय मला तो स्वर येतच नाही, काय करू? शेजारच्या बाकावरून पार्लरवाली संगीता ओरडली, "अक्का, भाकरी झाली, आता चटणी कुठं हाय?" मॅडम हसत म्हणाल्या, "अक्का, स्वल्प निधान!" (म्हणजे जरा सावकाश.) पण त्यांना पटलं असावं. पाचव्या मिनिटाला अख्खा वर्ग टाळ्या वाजवत स्वर म्हणत होता, आणि वरच्या मजल्यावरचे घरमालक भजन समजून प्रसादाला खाली आले.

इथवर हसण्यासारखं. पुढचं तसं नाही.

होम, रोड, केक हे शब्द मी एकाच थापेत म्हणते. ह्यांचा उच्चारही तसाच होता, आपल्या मराठीसारखा सरळ. मॅडम म्हणाल्या, "अक्का, यातही दोन स्वर आहेत. होउम. केइक. कुणी शिकवलं तुम्हाला?" कुणी ते मी सांगितलं नाही. घरी येऊन आठवडाभर त्यांच्यासारखं घोकलं. गुरुवारी दळण निवडत बसले होते, आणि ह्यांची संध्याकाळची हाक आठवावी असं मनात आलं. बस उतरून आले की दारातूनच म्हणायचे ना, "आय अ‍ॅम होम!" आठवलं, पण ह्यांच्या तोंडून 'होउम' आलं. पुन्हा आठवून पाहिलं, पुन्हा तेच. तोंड ह्यांचं आणि उच्चार मॅडमचा. मी निवडलेले खडे पुन्हा ज्वारीत टाकून उठले.

शुक्रवारी, शनिवारी वर्गाला गेले नाही. उद्या मॅडम एकेकीकडून असे दोन थापांचे आठही स्वर म्हणवून घेणार आहेत. शिकले तर ह्यांचा उच्चार पुसला जाईल, न शिकले तर ह्यांनी घातलेलं नाव फुकट जाईल. म्हणून नाहीच जायचं असं ठरवलंय. असो. पत्र सहज लिहिलंय, तुमच्याकडे काम काही नाही.

तुमची भावजय,
शेवंता

ता. क. काम आहे. हे तुम्हाला मोबाईलवर इंग्रजीतून बोलून पाठवायचे, आणि तुम्ही उलट ओरडायचात, "मराठीत बोल की रे, गोरा साहेब झालास काय!" ते अजून असेल तर पुसू नका. मोबाईल कुणाला हाताळायला देऊ नका. माझ्याकडे ह्यांचा एकही आवाज नाही. एकाच घरात राहणाऱ्या माणसाला आवाज कोण पाठवतो?

ता. क. दुसरा, सोमवार. पाकीट काल बंद केलं नव्हतं, म्हणून लिहिते. ह्यांचा उच्चार तुमच्या मोबाईलमध्ये राहील असं धरून आज सकाळी वर्गाला गेले, आणि होम, रोड, केक हे तिन्ही शब्द मॅडम म्हणतात तसे म्हणून दाखवले.