बाण काढून टाक

प्रिय ठमे,

तू म्हणालीस, बाबा, माझा खेळ खेळताना कुठे कुठे गोंधळलात ते सगळं लिहून पाठवा, लाजू नका. म्हणून लिहायला बसलोय. पण लिहिता लिहिता माझाच गोंधळ उडालाय, तेव्हा सांभाळून घे.

तुझ्या मोबाइलवरच्या खेळातलं गाव मला आवडलं, हे आधी सांगतो. कौलांवरची मांजरं आवडली, बेकरीवाल्याच्या मिशा तर फारच. हरवलेली बकरी शोधत गल्लीबोळांतून हिंडायचं, एवढंच काम. म्हटलं, हा तर आपल्या डाव्या हातचा मळ! जन्मभर बस चालवलेला माणूस मी. धुक्यात, रस्त्यावरचे दिवे गेलेले असतानाही गाडी बरोबर डेपोत आणून लावायचो. आणि तुझ्या गावात मनोऱ्यापासून डावीकडे वळलो, की कधी बेकरी लागायची, कधी शिंपी. तुमचे रस्ते आपल्या मनाने जागा बदलतात, म्हणून मी तुला फोनवर चांगलंच झापलं. तू मात्र सगळं टिपून घेतलंस.

मग तू रस्त्यात बाण लावलेस. तरी मी चुकलो. गल्ल्यांना वेगवेगळे रंग दिलेस, तरी चुकलो. तुमचा तो जाहिरातवाला, ज्याला तू भोंगा म्हणतेस, त्याने म्हणे कपाळावर हात मारला. बिचारा 'मनसोक्त हरवा' असं सगळीकडे छापून बसलाय, आणि इथे तू हरवायची सोयच बंद करत चाललीस. चाचणीला बोलावलेली मुलंही कंटाळून अर्ध्यात उठून गेली, कुणीतरी हाताला धरून फिरवतंय असं वाटतं म्हणाली. आणि तू सगळ्यांशी भांडलीस. माझ्या बाबांना रस्ता सापडत नसेल तर चूक आपलीच आहे, असं भर बैठकीत म्हणालीस. तू मला हे मोठ्या कौतुकाने सांगितलंस, पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

कारण आदल्याच दिवशी तुझ्या आईने तो खेळ खेळून बघितला होता. बाण लावायच्या आधीचा, तू पहिल्यांदा पाठवलेला. उजवं कुठलं नि डावं कुठलं हे सांगायला जिला अजून घड्याळ कुठल्या हातात आहे ते बघावं लागतं, तिने मटार सोलता सोलता बकरी शोधून काढली. वर म्हणाली, छान आहे, थोडं हरवायला होतं, मग सापडतं. मी शेजारी बसून बघत होतो. रस्ते जागचे हलले नाहीत. बेकरी बेकरीच्या जागी होती आणि शिंपी पलीकडच्या गल्लीत. नाचता येईना, अंगण वाकडं, असं मनाशी म्हणून मी विषय सोडून दिला. म्हातारे डोळे, काचेचा पडदा, दुसरं काय असणार?

पण परवा चष्म्याची काडी बसवून घ्यायला डेपोजवळच्या दुकानात गेलो होतो. परत येताना चौकात उभा राहिलो आणि कुठे वळायचं तेच कळेना. चौक ओळखीचा, दुकानं ओळखीची, पण घर कुठल्या बाजूला ते आठवेना. भीती वाटली गं, फार भीती वाटली. कुणाला विचारायचं? या गावात लोक मला रस्ता विचारतात. शेवटी माझ्या हाताखाली शिकलेला एक ड्रायव्हर बस घेऊन आला. उस्ताद, उस्ताद करत त्याने मला वर घेतलं आणि घराजवळ सोडलं. आईला मी सांगितलं, गप्पांत वेळ गेला. त्या ड्रायव्हरने काही ओळखलं का, कोण जाणे. एखाद्या वेळी होतं असं, असं मी स्वतःला समजावतोय. पण खरं सांगू? हे पहिल्यांदा झालेलं नाही.

फोनवर आई ऐकते, म्हणून हे पत्र. सोमवारी तुमची शेवटची बैठक आहे, त्याच्या आत ते तुझ्या हातात पडायला हवं. बाण काढून टाक, गल्ल्यांचे रंग पुसून टाक. तुझा खेळ पहिल्यांदा होता तसाच बरोबर होता, माझं ऐकून तो बिघडवू नकोस. भोंग्याला सांग, तू जिंकलास. मग दोन दिवसांची सुट्टी काढून ये आणि मला डॉक्टरकडे घेऊन चल. आईला आपण दोघं मिळून सांगू. आणि एक. दरवेळी तुला न्यायला मी बसस्टॉपवर येतो. या वेळी माझी वाट बघत थांबू नकोस, सरळ घरी ये.

तुझाच,
बाबा