शंभर नावांची यादी

सोमवार, ३ नोव्हें.
पाच वाजता नसीम चहाला आली ती पिशवी घेऊन. तीस वर्षं आमची भिंतीला भिंत. ही बाई येते रिकाम्या हाताने आणि जाते माझी बिस्किटं संपवून, असा नियम आहे. आज पिशवीतून टूथपेस्ट, कसलासा हिरवा रस, गुडघ्याचं तेल निघालं. माझ्या दिवाणावर दुकान मांडलं.
म्हणाली, विकायचं काही नाही वं, फक्त लोक जोडायचे. मी विचारलं, तुझ्या नवऱ्याच्या गॅरेजात वेल्डिंग होतं तसे का? हसली नाही. माझ्या विनोदाला नसीम (इथून पुढे नुसतं न.) हसली नाही, असं आजच झालं.
महिनाअखेरपर्यंत तिच्या हाताखाली दोन माणसं लागतात. एक तिची सून झाली (सुनेला विचारलं होतं का, कोण जाणे). दुसरी मी.
तिचा चहा गार झाला.

बुधवार, ५
गेले. मंगल कार्यालयात मीटिंग. न.ने रिक्षात बसवूनच नेलं.
व्यासपीठावर टाय लावलेले एक सर. पडद्यावर इंग्रजी, त्यात अकरा चुका मी मोजल्या. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर बर्नाडेट असत्या तर सर आत्ता बाकावर उभे असते. ते एकेकीला स्वप्न विचारत होते. एकीने म्हैस सांगितली. सर म्हणाले, मोठं मागा. ती म्हणाली, "मोठीच सांगून राह्यली ना सर. मुऱ्हा."
मला विचारलं, मॅम, तुमचं स्वप्न? मी म्हटलं, तो पंखा लावा.
मग न.ला वर बोलावलं. तिने माइकमध्ये नुसतं नाव सांगितलं आणि सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या. खाली उतरली तेव्हा पदराने तोंड पुसत होती.
गृहपाठ दिलाय. ओळखीच्या शंभर माणसांची यादी करायची. या वयात गृहपाठ!

शुक्रवार, ७
हे सगळं थोतांड आहे हे सिद्ध करायला यादी करायला बसले. अकरा नावं झाली. त्यातल्या तिघींशी मी बोलत नाही आणि एक दूधवाला.
फार राग आला. कोणाचा, ते ठरेना.
आर्णीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बोर्डावर सोळा वर्षं काढली. कापसाचे भाव, रुसलेले जावई, बाळंतपणं, सगळा गाव माझ्या कानातून गेला. शेकड्यांनी आवाज ओळखायचे मी. चेहरे मात्र कोणाचे पाहिले? आवाज यादीत कसे लिहायचे, ते सरांनी सांगितलं नाही.
निजायच्या आधी एकदम पांढरकवडा आठवली. तिकडच्या बोर्डावरची बाई. आम्ही एकमेकींना गावाच्या नावानेच हाक मारायचो. ट्रंक कॉल लावता लावता तिचं लग्न ठरलं, मोडलं, परत ठरलं. सगळं मला ठाऊक. कधी भेटलो मात्र नाही.
बारावं नाव. कमल, पांढरकवडा.

रविवार, ९
पेन्शनरांच्या ग्रुपवर विचारलं, तासाभरात नंबर आला. फोन लावला. नंबर दोनदा चुकला, चष्म्यामुळे.
"हॅलो, पांढरकवडा?"
तिकडे टीव्ही बंद झाल्याचा आवाज. मग, "बोल, आर्णी."
तोच आवाज. मी कशी आहेस म्हणते न म्हणते तोच तिने विचारलं, "तेल हाय का पावडर?"
मी फोन ठेवला. मोबाइल आपटून ठेवता येत नाही, हा त्यातला मोठा दोष.

सोमवार, १०
दिवसभर धुमसले. माझ्यावर विकण्याचा आरोप? कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या बाईवर?
संध्याकाळी तिचाच फोन. सव्वा तास बोललो. नातू, मोतीबिंदू, कोण गेलं, कोण आहे. तिला म्हणे महिन्याला तीन-चार तरी असे फोन येतात. भाचा, जुने साहेब, एकदा तर दातांचा डॉक्टर. "आता कोणी लय दिवसानं आठवण काढली का मले भेव वाटते, बाई."
मी खरं ते सांगून टाकलं. शेजारीण, मीटिंग, यादी, बारावा नंबर.
ती म्हणाली, "म्हंजे यादीनं फोन लावला तुह्या हातानं. यादी नसती त लावला असता का?"
लावला नसता. एवढ्या वर्षांत लावला नव्हताच.

गुरुवार, १३
न.ला सांगितलं, मला जमणार नाही. उद्या मी कोणालाही हॅलो म्हटलं की समोरचा माझ्या हातात तेलाची बाटलीच शोधेल. पुढे मी तिला थोडं जास्तच बोलले. म्हातारपणी दारोदार कशाला फिरतेस, नवरा कमावतो ना, वगैरे.
शांतपणे पिशवी भरली तिने. म्हणाली, "तुले वाटते मी पैशासाठी करून राह्यली. तिथं माह्यं नाव घेऊन टाळ्या वाजवते लोक. घरी भाजीत मीठ कमी पडलं तवाच माह्यं नाव निघते."
मी उठून तिला फाटकापर्यंत पोचवायला गेले. तारीख लिहून ठेवावी अशी गोष्ट. लिहिली आहेच.

रविवार, १६
तीन दिवस न. नाही. सवयीने दोन कप चहा टाकते आणि दोन्ही मीच पिते. ॲसिडिटी.
आणखी एक. तिने विसरलेलं गुडघ्याचं तेल लावून पाहिलं, दोष दाखवता यावेत म्हणून. गुडघ्याची सूज उतरली. हा सरळसरळ विश्वासघात आहे.

मंगळवार, १८
भिंतीवरून ओरडले, "नसीम, चहा." पाच मिनिटांनी आली. पिशवी नव्हती.
बिस्किटं संपवली. मी मीठ कमी घातलेले पोहे पुढे केले, तेही गुमान खाल्ले. मग सांगितलं, येत्या रविवारी कमल येतेय, एसटीने, पहिल्यांदाच. न.चे डोळे चमकले. "अवो, ते कुठं जॉइन झाली का?" लगेच जीभ चावली.
मी तिच्याकडे पाहिलं, तिने माझ्याकडे. मग जे हसलो, ते तिची सून भिंतीवरून डोकावली, काय झालं म्हणून.
तेलाचं सांगितलं नाही.

शनिवार, २२
न.ने पहिल्याच दिवशी देऊन ठेवलेला जॉइन व्हायचा फॉर्म साखरेच्या डब्याखाली आहे. सहीपुरता कोरा. बाकीचा मीच भरला, न.चं अक्षर बघवेना.
कमल उद्या अकराच्या गाडीने येणार. ओळखू कशी विचारलं, तर म्हणाली, "स्टँडवर मोठ्यानं हॅलो म्हण, मी वळखीन." अडुसष्टाव्या वर्षी मी स्टँडवर हॅलो ओरडणार. ओरडणार म्हणजे ओरडणारच.
न.ला बोलावलंय. तिघींच्या जेवणात नसीमचीच बिर्याणी हवी, असं नाव घेऊन म्हटलं, तशी लाजली. जाताना दारात थांबली.
"शीला, पिशवी आणू का?"
मी म्हटलं, कप आण, माझ्याकडे दोनच आहेत.
"अन पिशवी?"
मी बिस्किटांचा डबा उघडून त्यात बघत बसले. रिकामा होता.
महिना संपायला आठ दिवस आहेत. यादीत बारा नावं. सहीसाठी पेन शोधून ठेवला आहे, टेबलावर नाही, कपाटात.